एकतीस सामने, एक विजेती

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर, क्रिकेटच्या भरगच्च मजकुराशेजारी, महिला टेनिस स्पर्धेचा निकाल बहुधा चार ओळींत आटोपलेला असतो. अमुक खेळाडूने तमुक खेळाडूवर ६-३, ६-४ अशी मात केली, एवढेच त्यातून कळते. ती स्पर्धा कोणत्या श्रेणीची होती, त्या विजयाने खेळाडूच्या पदरात नेमके काय पडले, आणि पहिल्याच दिवशी हरून परतलेल्या पंधरा-सोळा जणींचे पुढे काय होते, हे प्रश्न मात्र अनुत्तरित राहतात. व्यावसायिक टेनिस हा खेळ आहेच, पण ती एक काटेकोर हिशेबाची व्यवस्थाही आहे. तिच्यात गुणांची जमा आहे, खर्च आहे, मुदत आहे आणि जोखीमही आहे. मुंबईत चर्चगेटजवळील क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर २०१७, २०१८, २०२४ आणि २०२५ या वर्षी झालेल्या ‘मुंबई ओपन’ या स्पर्धेच्या आधाराने ही व्यवस्था समजावून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

एका डॉलरचा करार

आज महिला टेनिसपटू कोट्यवधी रुपये मिळवतात, हे आपण ऐकतो. या वैभवाची सुरुवात मात्र एका डॉलरपासून झाली. १९७० साली अमेरिकेत पुरुष आणि महिला एकाच स्पर्धेत खेळत, पण पारितोषिकाच्या रकमेत मात्र मोठी तफावत असे. या अन्यायाला कंटाळून बिली जीन किंग आणि त्यांच्या आठ सहकारी, अशा नऊ खेळाडूंनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ह्यूस्टन येथे प्रत्येकी एका डॉलरचा प्रतीकात्मक करार करून स्वतंत्र स्पर्धा खेळण्याचे धाडस केले. राष्ट्रीय संघटनेकडून निलंबनाची टांगती तलवार असतानाही त्या मागे हटल्या नाहीत. पुढे १९७३ मध्ये लंडनमध्ये महिला टेनिस संघटना, म्हणजेच आजची डब्ल्यूटीए, स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनने पुरुष आणि महिला विजेत्यांना समान पारितोषिक दिले. विम्बल्डनला तेथवर पोहोचण्यास २००७ साल उजाडावे लागले.

श्रेणींची उतरंड

जगभरातील महिला स्पर्धा एका उतरंडीप्रमाणे रचलेल्या आहेत. सर्वात वर ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार ग्रँड स्लॅम स्पर्धा. त्याखाली डब्ल्यूटीएच्या १०००, ५०० आणि २५० या श्रेणी येतात. त्यांच्या खाली १२५ ही श्रेणी, आणि सर्वात तळाशी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या लहान स्पर्धा. श्रेणीच्या नावातील आकडा म्हणजे एकेरीच्या विजेतीला मिळणारे गुण, असा हा सोपा संकेत आहे. ग्रँड स्लॅमच्या विजेतीला २००० गुण मिळतात.

मुंबई ओपन ही १२५ श्रेणीतील स्पर्धा. ही श्रेणी २०१२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच वर्षी एक स्पर्धा पुण्याला, बालेवाडीच्या संकुलात झाली होती, हे मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. तिच्या अंतिम सामन्यात युक्रेनची अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना आणि जपानची बेचाळीस वर्षांची किमिको दाते-क्रुम समोरासमोर आल्या आणि स्वितोलिना ६-२, ६-३ अशी जिंकली. पुढे हीच स्वितोलिना जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. त्या काळी या श्रेणीला ‘१२५-के’ म्हणत. ते नाव सव्वा लाख डॉलरच्या पारितोषिक रकमेवरून आले होते.

तक्त्याचे गणित

अशा स्पर्धेच्या एकेरीच्या मुख्य तक्त्यात ३२ खेळाडू असतात. पहिल्या फेरीत १६ सामने, मग ८, ४, २ आणि शेवटी १. बेरीज ३१. याच उत्तराकडे जाण्याची आणखी एक वाट आहे. प्रत्येक सामना एकीला बाहेर काढतो. बत्तीस जणींतून एकच शिल्लक राहायची, तर एकतीस जणींना हरावेच लागते, म्हणून सामनेही एकतीसच. विजेतीला आठवड्याभरात सलग पाच सामने जिंकावे लागतात.

या बत्तीस जागा भरण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला थेट प्रवेशाचा. स्पर्धेच्या काही आठवडे आधी ठरलेल्या दिवशी जागतिक क्रमवारी पाहिली जाते आणि अर्ज केलेल्या खेळाडूंपैकी वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना प्रवेश मिळतो. बहुतेक जागा अशाच भरतात. दुसरा मार्ग पात्रता फेरीचा. क्रमांक कमी असलेल्या खेळाडू मुख्य स्पर्धेच्या आधी आपसात खेळतात आणि त्यांतील मोजक्या वर येतात. तिसरा मार्ग ‘वाइल्ड कार्ड’चा. काही जागा आयोजकांच्या हाती राखून ठेवलेल्या असतात. त्या बहुधा यजमान देशातील होतकरू खेळाडूंना किंवा दुखापतीनंतर परतणाऱ्या नामवंतांना दिल्या जातात. याशिवाय ऐनवेळी कोणी माघार घेतली, तर पात्रता फेरीच्या शेवटच्या टप्प्यात हरलेल्या खेळाडूला ती रिकामी जागा मिळते. तिला ‘लकी लूजर’ असे म्हणतात.

वरच्या आठ खेळाडूंना मानांकन दिले जाते. पहिल्या आणि दुसऱ्या मानांकित खेळाडूंची गाठ अंतिम सामन्याआधी पडू नये, म्हणून त्यांना तक्त्याच्या दोन टोकांना ठेवतात. उरलेल्या सर्व जणींच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात. त्यामुळे एखाद्या नवख्या मुलीला पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित प्रतिस्पर्धी मिळू शकते. त्याबद्दल कोणाकडे तक्रार करण्याची सोय नाही.

गुणांची ठेव, बावन्न आठवड्यांची मुदत

बँकेच्या ग्राहकांना समजायला सर्वात सोपा भाग कोणता, तर तो जागतिक क्रमवारीचा. जिंकलेले गुण खेळाडूच्या खात्यात जमा होतात, पण केवळ बावन्न आठवड्यांसाठी. मुदत संपली की बँकेतील ठेव व्याजासह परत मिळते, येथे मात्र गुण खात्यातून वजा होतात. मागील वर्षी फेब्रुवारीत जिंकलेले गुण या वर्षीच्या फेब्रुवारीत पुन्हा कमवावे लागतात. तसे न झाल्यास क्रमांक घसरतो. ‘गुण राखणे’ हा शब्दप्रयोग टेनिसच्या वार्तांकनात वारंवार येतो, तो याच अर्थाने.

१२५ श्रेणीच्या स्पर्धेत विजेतीला १२५, उपविजेतीला ८१, उपांत्य फेरीत हरलेल्या खेळाडूला ४९, उपांत्यपूर्व फेरीत हरलेलीला २७, तर दुसऱ्या फेरीत हरलेलीला १५ गुण मिळतात. पहिल्या फेरीत हरलेल्या खेळाडूला फक्त १ गुण. पहिल्या दोन विजयांनी एकावरून सत्तावीसपर्यंत मजल जाते, आणि पुढचे तीन विजय सत्तावीसचे सव्वाशे करतात. यावरून आठवड्याच्या उत्तरार्धातील एकेका सामन्याचे मोल किती वाढत जाते, हे ध्यानी येईल.

या गुणांचा उपयोग काय? जगातील पहिल्या शंभर खेळाडूंत येण्यासाठी वर्षभरात साधारण सातशेच्या आसपास गुण लागतात. ग्रँड स्लॅमच्या १२८ जणींच्या तक्त्यात १०४ जागा थेट क्रमवारीवरून भरतात, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डद्वारे. म्हणजे शंभराच्या आत असलेल्या खेळाडूला वर्षातून चार वेळा ग्रँड स्लॅमचे दार उघडे असते. दीडशे-दोनशेच्या घरात असलेल्या खेळाडूला मात्र पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून मगच आत जावे लागते. शंभरावा क्रमांक आणि दोनशेवा क्रमांक यांच्या खेळातील अंतर कित्येकदा अगदी थोडे असते, पण उत्पन्नातील अंतर फार मोठे असते.

पैशाची बाजू

हे अंतर किती मोठे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूला १ लाख १० हजार डॉलर मिळाले. १२५ श्रेणीला जिच्यावरून नाव मिळाले, ती संपूर्ण स्पर्धेची पारितोषिक रक्कम सव्वा लाख डॉलर होती, आणि ती एकेरी व दुहेरीच्या सर्व खेळाडूंत वाटली जात असे. म्हणजे तेथे एका पराभूत खेळाडूच्या हाती जवळजवळ तेवढी रक्कम पडते, जेवढीत येथे एका अख्ख्या स्पर्धेची वाटणी होई.

खर्चाची बाजू मात्र दोघींची जवळपास सारखीच. विमानप्रवास, प्रशिक्षकाचे मानधन, फिजिओथेरपी, रॅकेटच्या तारा, बूट आणि निवास यांवर सतत पैसा ओतावा लागतो. क्रिकेटपटूला संघाचा करार असतो, फुटबॉलपटूला क्लबचे वेतन असते. टेनिसपटूच्या पाठीशी असे काही नसते. ती स्वतःच स्वतःची संस्था असते. दुखापत झाली तर उत्पन्न थांबते, खर्च थांबत नाही. परदेशात मिळालेल्या पारितोषिकातून बहुधा त्या त्या देशाचा कर आधीच कापला जातो आणि भारतात खेळणाऱ्या परदेशी खेळाडूंनाही करकपात लागू असते. तेव्हा जाहीर झालेली रक्कम आणि हाती आलेली रक्कम यांत बरीच तफावत असते. ज्या कुटुंबातील मुलगी टेनिसमध्ये पुढे जाऊ पाहते, त्या कुटुंबाने पहिले पारितोषिक हाती येण्यापूर्वी अनेक वर्षे केवळ खर्चच केलेला असतो. या वाटेवर पाऊल टाकताना आई-वडिलांनी हा ताळेबंद डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

शिडीच्या वरच्या टोकाचे दर्शनही याच स्पर्धेने घडवले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत बेलारूसची एकोणीस वर्षांची आरिना सबालेंका विजेती ठरली. तिने अंतिम सामन्यात स्लोव्हेनियाच्या दलिला याकुपोविचला ६-२, ६-३ असे हरवले. तेव्हा तिचे नाव मोजक्या जाणकारांनाच ठाऊक होते. २०२३ आणि २०२४ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, सप्टेंबर २०२३ मध्ये ती जागतिक क्रमवारीत प्रथमच अव्वल ठरली, आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षे तिने अमेरिकन ओपन जिंकली. २०२५ च्या त्या विजेतेपदाचे पारितोषिक ५० लाख डॉलर होते. मुंबईतील तो आठवडा तिच्या चढणीवरील एक पायरी होती.

हार्ड कोर्ट म्हणजे काय?

टेनिस गवतावर, मातीवर आणि हार्ड कोर्टवर खेळले जाते. विम्बल्डन गवतावर, फ्रेंच ओपन लाल मातीवर, तर ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन या दोन्ही स्पर्धा हार्ड कोर्टवर होतात. अमेरिकन ओपनने १९७८ मध्ये आणि ऑस्ट्रेलियन ओपनने १९८८ मध्ये हा पृष्ठभाग स्वीकारला.

‘हार्ड कोर्ट’ हे नाव ऐकून नुसता काँक्रीटचा चौथरा डोळ्यांसमोर येतो, पण प्रत्यक्षात ती थरांची रचना असते. खाली डांबर किंवा काँक्रीटचा पक्का पाया, काही ठिकाणी त्यावर धक्का शोषणारा रबरी थर आणि सर्वात वर वाळू मिसळलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे लेप. गंमत अशी, की कोर्टाचा वेग या वाळूवर अवलंबून असतो. वाळू जाड किंवा अधिक असेल, तर चेंडूला पृष्ठभागाची पकड जास्त मिळते, तो मंदावतो आणि उंच उसळतो. वाळू बारीक असेल किंवा वापराने गुळगुळीत झाली असेल, तर चेंडू सरपटत पुढे जातो. आंतरराष्ट्रीय महासंघाने मंद ते वेगवान अशा पाच वर्गांत कोर्टांची विभागणी केली आहे.

उघड्यावरील कोर्टाला पाण्याचा निचरा होण्यासाठी एकाच दिशेने हलका उतार दिलेला असतो, साधारण शंभर फुटांना एक फूट. तो डोळ्यांना जाणवतही नाही. कोर्टाची लांबी ७८ फूट. एकेरीसाठी रुंदी २७ फूट आणि दुहेरीसाठी ३६ फूट. जाळी मध्यभागी ३ फूट उंच असते, तर दोन्ही खांबांपाशी साडेतीन फूट. म्हणूनच खेळाडू कोर्टाच्या तिरक्या रेषेत फटके मारणे अधिक पसंत करतात. तेथे चेंडूला अंतर जास्त मिळते आणि तो जाळीच्या सखल भागावरून जातो.

खरबरीत पृष्ठभागावर चेंडूवरील लोकर झिजते, म्हणून सर्वसाधारणपणे पहिल्या सात गेमनंतर आणि त्यापुढे दर नऊ गेमनंतर नवे चेंडू दिले जातात. पहिल्या वेळी दोन गेम कमी का, असे कोणी विचारील. सामन्यापूर्वीच्या सरावात तेच चेंडू वापरलेले असतात, त्याची ही वजाबाकी आहे.

भारतासारख्या देशाला हे कोर्ट सोयीचे आहे. गवताला पाणी आणि माळ्यांची फौज लागते, मातीला रोजची निगा लागते. हार्ड कोर्टला त्या मानाने देखभाल कमी, आणि चेंडूची उसळीही भरवशाची. त्याची किंमत खेळाडूचे शरीर मोजते. मातीवर पाय घसरत थांबतो, येथे तो जागच्या जागी अडतो, आणि त्याचा धक्का घोटा, गुडघा आणि कंबर सोसतात. त्यात मुंबईच्या दमट हवेची भर पडते. २०२४ च्या अंतिम सामन्यात लॅटव्हियाच्या दार्या सेमेनिस्तायाने ऑस्ट्रेलियाच्या स्टॉर्म हंटरविरुद्ध पहिला सेट ५-७ असा गमावला, दुसरा टायब्रेकमध्ये खेचून आणला आणि तिसरा ६-२ असा जिंकला. अशा लढतीत कौशल्याइतकाच दमही कसास लागतो.

घरच्या अंगणातील स्पर्धा

परदेशी खेळाडूंच्या या स्पर्धेचा आपल्याला काय उपयोग, असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचे उत्तर हैदराबादच्या उदाहरणात सापडते. तेथे २००३ पासून डब्ल्यूटीएची स्पर्धा होऊ लागली. १२ फेब्रुवारी २००५ रोजी अठरा वर्षांच्या सानिया मिर्झाने युक्रेनच्या अल्योना बोंडारेंकोला ६-४, ५-७, ६-३ असे नमवून ती जिंकली. डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली ही मुलगी त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोहोचली, २००७ मध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकावर गेली आणि २०१५ मध्ये दुहेरीत जगात अव्वल ठरली. तिचे पहिले मोठे यश घरच्या प्रेक्षकांसमोर आले, हे विसरून चालणार नाही.

पुढे ही स्पर्धा बंगळूरला गेली. २००८ मध्ये तेथे सेरेना विल्यम्स खेळली आणि जिंकली. त्यानंतर मात्र डब्ल्यूटीएच्या मुख्य श्रेणीतील स्पर्धा भारतात परतण्यास चौदा वर्षे लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये चेन्नईच्या नुंगमबाक्कम येथील स्टेडियमवर २५० श्रेणीची स्पर्धा झाली आणि चेक प्रजासत्ताकाची सतरा वर्षांची लिंडा फ्रुहव्हिर्तोवा विजेती ठरली. २०२५ मध्ये तेथेच इंडोनेशियाच्या जॅनिस त्जेनने बाजी मारली.

मधल्या चौदा वर्षांत ज्या मुली वाढल्या, त्यांनी काय गमावले? घरी स्पर्धा नसली, की वाइल्ड कार्ड मिळत नाही. परदेशातील आयोजक आपापल्या देशातील मुलींना संधी देतात, हे स्वाभाविकच आहे. मग आपल्या खेळाडूंना छोट्या गुणांसाठी देशोदेशी हिंडावे लागते आणि प्रत्येक गुणामागे विमानाचे तिकीट मोजावे लागते. अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात प्रशिक्षक हेमंत बेंद्रे यांच्या मार्गदर्शनाखाली घडली आणि २०२० मध्ये १६० व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. त्या प्रवासात मोठ्या घरगुती स्पर्धांची साथ तिला क्वचितच लाभली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या या खेळाडूची जिद्द म्हणूनच अधिक मोलाची वाटते.

याउलट, घरी स्पर्धा असली की काय घडू शकते, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईने पाहिले. कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन रेवती पात्रता फेरीच्या वाइल्ड कार्डवर आली, पात्रता फेरी पार केली आणि मुख्य स्पर्धेत एकापाठोपाठ एक विजय मिळवत थेट उपांत्य फेरीत पोहोचली. तेथे स्वित्झर्लंडच्या जिल टाइखमनने तिला ६-३, ६-१ असे रोखले, आणि टाइखमनच पुढे विजेती ठरली. डब्ल्यूटीए क्रमवारीतील आपले पहिले गुण मायाने याच आठवड्यात मिळवले. दाराशी आलेल्या एका कार्डाचे तिने काय केले, हे पाहण्यासारखे होते.

महाराष्ट्राच्या मुलीही मागे नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची प्रार्थना ठोंबरे हिने २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियासह महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले, २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली, आणि २०२४ च्या मुंबई ओपनमध्ये नेदरलँड्सच्या आरियान हार्टोनोसह दुहेरीची अंतिम फेरी गाठली. ऋतुजा भोसले हिने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले.

सातत्याचे मोल

स्पर्धा भरवणे हे खर्चिक काम आहे. पारितोषिकाची रक्कम, संघटनेचे शुल्क, पंच, चेंडू टिपणारी मुले, वैद्यकीय पथक, खेळाडूंचा निवास आणि प्रक्षेपण या सर्वांची तरतूद करावी लागते. तिकीटविक्रीतून हा खर्च क्वचितच निघतो. म्हणून अशा स्पर्धांचे भवितव्य प्रायोजक, राज्य शासन आणि स्थानिक संघटना यांच्या इच्छाशक्तीवर ठरते. मुंबईची स्पर्धा २०१८ नंतर सहा वर्षांनी पुन्हा भरली. २०१८ साली दहा-अकरा वर्षांची असलेली एखादी मुलगी २०२४ मध्ये सोळा-सतरा वर्षांची झाली होती. खेळाडूच्या आयुष्यातील ही वर्षे परत येत नाहीत. आवर्ती ठेवीचे हप्ते मध्येच थांबले, तर अंतिम रक्कम घटते. क्रीडा क्षेत्रातील गुंतवणुकीचेही तसेच आहे.

प्रेक्षक म्हणून आपल्या हातीही थोडे काही आहे. आपल्या शहरात अशी स्पर्धा भरली, तर अंतिम सामन्याच्या आधीच, आठवड्याच्या आरंभी एखादी सकाळ राखून ठेवावी. पात्रता फेरीचे आणि पहिल्या फेरीचे सामने बाजूच्या कोर्टांवर, प्रेक्षकांपासून अगदी जवळ चालतात. तेथे नामवंत कोणी नसते. तेथे असतात दोनशेव्या, तीनशेव्या क्रमांकाच्या खेळाडू, आणि एका गुणासाठी त्या किती जिवाचे रान करतात, ते हातभर अंतरावरून पाहता येते. सोबत घरातील लेकीबाळींना न्यावे. २०१७ च्या त्या आठवड्यात ज्यांनी असे केले, त्यांनी जगातील भावी अव्वल खेळाडूला खेळताना पाहिले. पुढच्या तक्त्यातील बत्तीस नावांत असे आणखी एखादे नाव असू शकेल, आणि ते भारतीय मुलीचे असावे, एवढीच आपली सदिच्छा.